यकृत पर्णकृमी : गोड्या पाण्यातील मासे आणि मराठवाडा

सस्तन प्राण्यांच्या पित्तनलिकांत राहणाऱ्या, पानासारख्या चपट्या परजीवी कृमींना यकृत पर्णकृमी म्हणतात. प्लॅटिहेल्मिंथिस संघाच्या ट्रेमॅटोडा वर्गात त्यांचा समावेश होतो. मानवी आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे दोन गट महत्त्वाचे आहेत : माशांवाटे पोटात जाणारे (क्लोनॉर्किस व ऑपिस्थॉर्किस या प्रजाती) आणि पाणवठ्याकाठच्या वनस्पतींवाटे जाणारे (फॅसिओला). मराठवाड्यातील गुराख्याला व मेंढपाळाला दुसरा गट चांगला ठाऊक आहे. पहिल्याविषयी येथे जे बोलले जाते ते बहुतांशी थायलंड, चीन व कोरिया येथील अनुभवावर बेतलेले असते. दोन्ही गटांची सरमिसळ करण्याची चूक जाणत्या लेखनातही आढळते.

जीवनचक्र : क्लोनॉर्किस सायनेन्सिस हा कृमी १० ते २५ मिमी. लांब व ३ ते ५ मिमी. रुंद असतो. त्याची अंडी पित्तावाटे आतड्यात व तेथून विष्ठेत येतात. ती पाण्यात आपोआप फुटत नाहीत. बिथिनिया व तत्सम गोगलगाईंनी ती गिळावी लागतात. गोगलगाईच्या शरीरात मिरॅसिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया व सर्केरिया अशा अवस्था पार पडतात. बाहेर पडलेला सर्केरिया माशाच्या त्वचेतून आत शिरून खवल्यांखाली किंवा स्नायूंत पुटी (स्वतःभोवती संरक्षक कोश) करतो. ही मेटासर्केरिया अवस्था. असा मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ल्यास पुटी लहान आतड्याच्या सुरुवातीस फुटते, पिल्लू पित्तनलिकेत चढते आणि सुमारे महिनाभरात प्रौढ होते. प्रौढ कृमी वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. यातील माशाचा वाटा जपानी संशोधक कोबायाशी यांनी १९१० च्या सुमारास, तर गोगलगाईचा वाटा मुतो यांनी १९१८ मध्ये दाखवून दिला.

भारतातील नोंदींचा प्रश्न : क्लोनॉर्किसचा पहिला शोध भारतातच लागला. कलकत्ता मेडिकल कॉलेजात १८७४ मध्ये जेम्स मॅक्‌कॉनेल यांना एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात पित्तनलिकांत हे कृमी सापडले. पुढील वर्षी इंग्रज कृमितज्ज्ञ कॉबोल्ड यांनी त्यांना डिस्टोमा सायनेन्से हे नाव दिले. क्लोनॉर्किस ही प्रजाती लोस यांनी १९०७ मध्ये वेगळी केली. रोगी चिनी असल्याने संसर्ग बाहेरून आला असावा, असे सामान्यतः मानतात आणि ते योग्य वाटते. याच मॅक्‌कॉनेल यांनी १८७६ च्या सुमारास कलकत्त्यातच माणसात दुसरा एक कृमी नोंदवला. तो त्यांनी डिस्टोमा कंजंक्टम मानला. या नावाचा मूळ कृमी कॉबोल्ड यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील अमेरिकन कोल्ह्यावरून वर्णिलेला होता. लुइस व कनिंगहॅम यांनी कलकत्त्याच्या गावकुत्र्यांतील कृमीही त्याच नावाखाली घातले होते. भारतीय कृमी निराळा आहे हे ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्षात आणून दिले आणि त्याला ऑपिस्थॉर्किस नोव्हेर्का हे नाव दिले. पुढे काहींनी तो अँफिमेरस प्रजातीत हलवला. कुत्र्यांत आढळणारा हा कृमी माणसात क्वचितच, अपघाताने येतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. या जुन्या नोंदींच्या आधारे ‘भारतात माशांवाटे यकृत पर्णकृमी पसरतो’ असे सरसकट विधान करणे घाईचे ठरेल.

मराठवाड्यातील मासे : गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा व तेरणा या नद्यांवरील जलाशयांत (पैठणचा नाथसागर, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, धनेगावचा मांजरा प्रकल्प, नांदेडजवळील विष्णुपुरी) कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे तिन्ही मासे सिप्रिनिडी कुलातील आहेत आणि पूर्व आशियात पर्णकृमींच्या पुटी मुख्यतः याच कुलातील माशांत मिळतात. बिथिनियाच्या कुलातील गोगलगाईही भारतात आहेत. चक्राचे दोन दुवे अशा रीतीने हजर असले, तरी मानवी संसर्गाचे केंद्र म्हणून मराठवाड्याचे नाव घेतले जात नाही. कारण बहुधा स्वयंपाकघरात आहे : मासा येथे तव्यावर तळून नाहीतर रश्श्यात उकळूनच खातात. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशाची कोशिंबीर व आंबवलेला मासा यांवाटे ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी पसरतो; तशा पदार्थाची येथे परंपरा नाही. अपवाद घडू शकतो तो धरणाच्या काठी निखाऱ्यावर भाजलेल्या मोठ्या माशाचा. त्याचे कातडे करपते, पण पाठीच्या काट्याजवळचे मांस गुलाबीच राहते. बाजारातील सुकट-बोंबील समुद्रातील असल्याने त्यांचा येथे संबंध नाही.

मासा कापताना जे कृमी प्रत्यक्ष दिसतात ते बहुधा वेगळेच असतात. मरळीच्या मांसात किंवा यकृतालगत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी मिळतात. त्या क्लिनोस्टोमम व यूक्लिनोस्टोमम यांच्या पुटी होत आणि त्यांचे प्रौढ कृमी बगळ्यांसारख्या मत्स्यभक्षी पक्ष्यांत वाढतात. वॅलागो अट्टू या मोठ्या मिशाळ माशाच्या वाताशयात (पोटातील हवेच्या पिशवीत) आयसोपॅरॉर्किस हा जाड, काळपट पर्णकृमी असतो. असे मासे गिऱ्हाईक परत करते. क्लोनॉर्किसची पुटी मात्र मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी असल्याने नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. ‘गाठी नाहीत म्हणजे मासा स्वच्छ’ हा निकष म्हणून अपुरा आहे. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात (आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) माशांतील कृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे, मरळ गटातील माशावरून शिंदे यांनी १९६८ मध्ये सर्कमऑन्कोबोथ्रियम ही पट्टकृमींची प्रजाती स्थापली. या कामाचा भर मुख्यतः आतड्यातील पट्टकृमींवर राहिला.

मानवी रोग : थोडे कृमी असल्यास लक्षणे दिसत नाहीत. संख्या वाढल्यास उजव्या बरगडीखाली दुखणे, अपचन, पित्तनलिकेचा दाह, खडे व कावीळ होते. दीर्घकाळच्या दाहामुळे पित्तनलिकेचा कर्करोग संभवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनीला १९९४ मध्ये व क्लोनॉर्किसला २००९ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. निदान विष्ठेतील अंड्यांवरून करतात. अंडी जेमतेम ३० मायक्रॉन लांबीची असून आतड्यातील हेटेरोफिइड कृमींच्या अंड्यांपासून ती वेगळी काढणे अनुभवी तंत्रज्ञालाही जड जाते. प्राझिक्वांटेल हे औषध शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २५ मिग्रॅ. याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन दिवस देतात. मासा आतपर्यंत नीट शिजवणे किंवा उणे २० अंश से. तापमानात सात दिवस गोठवणे याने पुटी मरतात. मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर यांवर भरवसा ठेवता येत नाही.

फॅसिओला : मराठवाड्यात खरे नुकसान करणारा यकृत पर्णकृमी हाच, येथे मुख्यतः फॅसिओला जायगँटिका ही जाती. मासा त्याच्या चक्रात कोठेच येत नाही. लिम्निया गोगलगाईतून निघालेला सर्केरिया काठच्या गवतावर पुटी करतो आणि ते गवत चरताना जनावर बाधित होते. कालव्याच्या पाझराने कायम ओले राहणारे पट्टे व उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी या दृष्टीने धोक्याच्या. कोरडवाहू ज्वारीचा कडबा जवळजवळ निर्धोक. मेंढीच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरते, जनावर खंगते. खाटकाच्या सुरीखाली अशा म्हशीचे किंवा बैलाचे काळीज करकरते, कारण पित्तनलिका चुन्याने कडक झालेल्या असतात. त्या दाबल्या की मातकट रंगाचे लांबट कृमी बाहेर सरकतात. हे काळीज शिजवून खाल्ल्याने रोग होत नाही. मात्र त्यातील अंडी विष्ठेत जशीच्या तशी उतरून खोटे निदान होऊ शकते. म्हणून रोग्याला काही दिवस काळीज वर्ज्य करून तपासणी पुन्हा करतात. माणसाला संसर्ग होतो तो पाण्यातील पाला कच्चा खाल्ल्याने किंवा पुटी असलेले पाणी प्याल्याने, आणि भारतात तो तुरळक आहे. त्यावर प्राझिक्वांटेल चालत नाही. ट्रायक्लाबेंडॅझोल द्यावे लागते.

जनावरांना पावसाळ्यापूर्वी व नंतर कृमिनाशक पाजण्याची शिफारस आहे. गोगलगाई मारण्यासाठी मोरचूद सांगितला जातो, पण तो माशांनाही विषारी असल्याने मत्स्यबीज सोडलेल्या तलावात वापरता येत नाही. तेथे ओलसर काठ चराईसाठी बंद करून जनावरांना हौदावर पाणी पाजणे अधिक सोयीचे ठरते.