ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा (मराठवाडा)

म्हाताऱ्या माणसांचा दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचा खर्च उचलणाऱ्या केंद्राच्या आणि राज्याच्या योजना. मराठवाड्यात याला नुसतं "कार्ड" म्हणतात, मग ते केंद्राच्या आयुष्मानचं असो नाहीतर राज्याच्या फुले योजनेचं.

सुरुवात कधीची धरायची यावर एकमत नाही. काहीजण 1997 ची जीवनदायी योजना धरतात, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या लोकांच्या हृदय, किडनी, मेंदू अशा मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. काहीजण 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं नाव घेतात, तिच्यात कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपये होते पण कार्डावर जास्तीत जास्त पाचच जण, म्हणजे नवरा-बायको आणि तीन लेकरं झाली की यादी भरली, आई-बाप बाहेर. त्यामुळं ज्येष्ठांपुरतं बघायचं तर 2 जुलै 2012 ही तारीख जास्त पटते. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत चालू झाली, मराठवाड्यातून एकटं नांदेड होतं, बाकीच्यांना नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. कव्हर दीड लाखाचं, कुटुंबामागं 333 रुपये प्रीमियम, तो सरकारनंच भरायचा. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. त्याआधीच, बहुधा 2015-16 च्या दुष्काळाच्या आसपास, शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतले पांढऱ्या रेशनकार्डाचे शेतकरीही घेतले, त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे आले, म्हणून इथं दवाखान्यात जाताना पिशवीत सातबारा ठेवायची सवय लागली.

29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत 70 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना लागू झाली, उत्पन्नाची अट नाही. घर आधीच योजनेत असलं तर त्या घरातल्या म्हाताऱ्यांना मिळून वर्षाला वेगळे पाच लाख. खर्च केंद्र आणि राज्य 60:40 वाटून घेतात.

खरी अडचण वयाची आहे. वय आधारवरचंच धरतात आणि 1948 च्या हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी मी चालत होतो असं सांगणाऱ्या माणसाच्या आधारवर अंदाजानं टाकलेली जन्मतारीख बरीच अलीकडची असली तर तो कागदावर सत्तरीच्या आतलाच राहतो, आणि दुरुस्तीला पुरावा मागतात तर शाळेचा दाखला कुठून आणणार? कापूस वेचून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीनवर अंगठा लागत नाही. चेहऱ्यावरून किंवा ओटीपीनं ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्यावी.

आजार नेहमीचेच, बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडं पाण्यातल्या फ्लोराईडमुळं हाडं धरलेली माणसं आहेत. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये राज्याच्या समितीनं तपासलं, लहान वयात अंडाशयही निघालं असेल तर म्हातारपणी हाडं ठिसूळ व्हायचा धोका जास्त.

यातलं बरंचसं ओपीडीवर चालतं आणि ओपीडी कार्डात नाही. महिन्याच्या गोळ्या घरच्या पैशातून किंवा सरकारी दवाखान्यातून. हा खर्च दर महिन्याचा आहे आणि योजनेतली सगळ्यात मोठी उणीव हीच म्हणावी लागेल. मोठ्या ऑपरेशनला लोक संभाजीनगरची घाटी (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), तिथलंच सरकारी कॅन्सर हॉस्पिटल, अंबाजोगाई, लातूर, नांदेड गाठतात. योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, त्याला आधी भेटावं. आयुष्मानमध्ये सुट्टी झाल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच असतात, ती निघतानाच मागून घ्यावीत.