कॉन्व्हेंट

दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेऊन एका नियमाखाली एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मभगिनींचा समुदाय, तसेच त्या समुदायाचे निवासस्थान. मूळ अर्थ समुदायाचा असून वास्तूचा अर्थ त्यातून निघाला. लॅटिन ‘कॉन्व्हेन्तुस’ म्हणजे एकत्र येणे किंवा सभा. रोमन प्रांताधिकारी न्यायदानासाठी ठरावीक नगरांत जी सभा भरवीत, तिलाही हीच संज्ञा होती. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ती व्रतस्थांच्या समुदायासाठी रूढ झाली.

जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द साधारणतः तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला, तो मधला अनुनासिक गळालेल्या रूपात. लंडनमधील ‘कॉव्हेंट गार्डन’ या स्थलनामात ते जुने रूप अद्याप टिकून आहे. लॅटिन लेखनाच्या प्रभावाने गळालेला वर्ण पुढे परत आला. ही बाग वेस्टमिन्स्टर ॲबीतील पुरुष संन्याशांची होती, हे येथे महत्त्वाचे आहे, कारण कॉन्व्हेंट म्हणजे केवळ स्त्रियांचा समुदाय हा अर्थसंकोच इंग्रजीत बराच उशिरा, बहुधा अठराव्या शतकात, झाला. त्याची कारणमीमांसा दोन प्रकारे करता येते. फ्रेंच भाषेतील वापराचे हे अनुकरण असावे, हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षानुसार, आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात इंग्लंडमधील धार्मिक गृहे विसर्जित केल्यावर ‘मंक’ (पुरुष संन्यासी) व त्यांची गृहे हा इतिहासाचा विषय झाला, तर यूरोपच्या मुख्य भूमीवर इंग्रज स्त्रियांनी स्थापिलेले समुदाय कॅथलिक कुटुंबांच्या नित्य परिचयाचे राहिले, आणि शब्द जिवंत उदाहरणांना चिकटला. दुसरा पक्ष अधिक समाधानकारक वाटतो. इटालियन व पोर्तुगीज भाषांत हा संकोच झालाच नाही. जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कन पुरुषांच्या निवासालाही ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात आणि आज तेथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

चर्चच्या कायद्यात हा शब्द तितकासा निर्णायक नाही. आठवा बोनिफेस या पोपने 1298 मध्ये सर्व नन्सवर कडक एकांतवास बंधनकारक केला व ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. परिणामी, बाहेर पडून शिकवणाऱ्या किंवा रुग्णसेवा करणाऱ्या, साधी (गंभीर व्रतांपेक्षा कमी बंधनकारक) व्रते घेतलेल्या भगिनींचे स्थान दीर्घकाळ अनिश्चित राहिले. पोप तेराव्या लिओने 1900 मध्ये त्यांच्या संघांना रीतसर मान्यता दिली. 1917 च्या धर्मसंहितेने गंभीर व्रते घेणाऱ्या नन आणि साधी व्रते घेणाऱ्या सिस्टर असा भेद स्पष्ट केला. एकांतवासी नन्सच्या गृहाला काटेकोर परिभाषेत ‘मॉनेस्टरी’ म्हणतात, त्यामुळे लोक ज्याला कॉन्व्हेंट म्हणतात ते बहुतेक ठिकाणी सिस्टरांचे घर असते.

भारतात एकांतवासी परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी जुन्या गोव्यात 1606 मध्ये स्थापिलेले सांता मोनिका. शब्दाचा देशभर प्रसार मात्र तेथून झाला नाही. तो झाला अध्यापन करणाऱ्या सिस्टरांमुळे. लोरेटो संघ 1841 मध्ये कलकत्त्यास आणि जीझस अँड मेरी संघ 1842 मध्ये आग्र्यास आला. ज्या भगिनींच्या दर्जाविषयी रोममध्ये अजून निर्णय व्हायचा होता, त्यांच्याच शाळांनी या शब्दाला भारतीय भाषांत घर दिले. अँग्लिकन पंथातही 1845 पासून भगिनी-समुदायांचे पुनरुज्जीवन झाले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, तो अशाच एका समुदायाच्या सहवासात.

मराठीत ‘मठ’ हा प्रतिशब्द योजला जातो, पण तो पुरता जुळत नाही. नाशिककरांना समर्थांच्या वास्तव्यामुळे टाकळीचा मठ परिचित आहे. मिरजेच्या मठाचे आधिपत्य तर समर्थांच्या शिष्या वेणास्वामींकडे होते. तरीही यांपैकी कोणताही मठ केवळ स्त्रियांच्या सामूहिक व्रतजीवनासाठी नव्हता. त्या दृष्टीने बौद्ध वाङ्मयातील भिक्षुणींचा ‘उपस्सय’ व जैन साध्वींचा उपाश्रय अधिक जवळचे आहेत, जरी साध्वींचा मुक्काम चातुर्मास वगळता फिरता असतो. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘धर्मभगिनी’ व ‘व्रतस्थ’ हे शब्द आढळतात. बोलण्यात ‘सिस्टर’ हेच संबोधन चालते.

नाशिकमधील सुरुवातीचे मिशनकार्य प्रॉटेस्टंट होते. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये वसविलेले शरणपूर ही ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत होती. तिला कॉन्व्हेंट म्हणणे चुकीचे ठरेल. कॅथलिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन 1987 मध्ये स्थापन झाला. शहरात सेक्रेड हार्ट आणि नाशिकरोडला सेंट फिलोमिना या शाळांच्या नावांत हा शब्द आहे. ‘मुलगी कॉन्व्हेंटला आहे’ या वाक्यात मात्र शाळा इंग्रजी माध्यमाची आहे एवढेच अभिप्रेत असते. विदर्भात अर्थ आणखी सरकला असून तेथे बालवाडीलाही कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती चालविणारी संस्था कोणत्याही धर्माची असो.