तामालादा

तामालादा : तामाल हा पदार्थ घरी करण्यासाठी नातेवाईक आणि शेजारीपाजारी एकत्र जमतात, त्या दिवसभराच्या कामाला मेक्सिकोत व अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत तामालादा म्हणतात. मक्याचे पीठ पानावर पसरायचे, मध्ये सारण ठेवायचे, पान मिटून वाफवायचे, की तामाल झाला. स्पॅनिशमध्ये त्याचे अनेकवचन तामालेस. मूळ शब्द मेक्सिकोतील आस्तेक लोकांच्या नाउआत्ल भाषेतील ‘तामाल्ली’. आपल्या तमालपत्राशी त्याचे काही नाते नाही. पानात वाफवलेली पातोळी खाल्लेल्या माणसाला मात्र हा प्रकार परका वाटणार नाही.

स्पॅनिश लोक येण्याच्या कित्येक शतके आधीपासून मेक्सिको व मध्य अमेरिकेत तामाल होत आला आहे. आस्तेक लोकांचा दर आठ वर्षांनी येणारा एक सणच पाण्यात शिजवलेल्या, मीठ-मिरची नसलेल्या तामालांचा होता. सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन यांनी तामालांचे अनेक प्रकार नोंदवले. त्यांचीच आणखी एक नोंद फार सुंदर आहे : मका भांड्यात टाकण्याआधी बायका त्यावर हळूच फुंकर घालत, म्हणजे मक्याला आचेची भीती वाटत नसे. पिठात डुकराची चरबी घालण्याची पद्धत नंतरची. डुकरे या भूमीत स्पॅनिशांबरोबर आली.

जुन्या पद्धतीने करायचे तर काम आदल्या दिवशीच सुरू होते. वाळलेला मका खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी दाणे चोळून धुतले की वरची साल सुटते. हा मका म्हणजे निश्तामाल, आणि तो दळून होणारा ओला गोळा म्हणजे मासा. चुन्यामुळे पीठ आळते, त्याला वेगळाच खमंग वास येतो आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका जगभर गेला, पण ही युक्ती त्याच्याबरोबर गेली नाही. त्यामुळे इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग जडला. तामालाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हा चुना होय. आज बरीच कुटुंबे गिरणीतून तयार मासा आणतात किंवा कोरडे पीठ भिजवतात.

मासा चरबी आणि मांसाचे पाणी घालून फेटावा लागतो, आणि हात भरून येईपर्यंत फेटावा लागतो. झाला की नाही हे पाहायला छोटी गोळी पाण्यात टाकतात; तरंगली तर पुरे, बुडाली तर पुन्हा फेटा. सारणात लाल मिरचीच्या रश्शातले डुकराचे मांस, हिरव्या सालसातली कोंबडी, भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या व चीज, किंवा मोले हा मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा असतो. मुलांसाठी मनुका घातलेले गुलाबी गोड तामाल वेगळे.

मग सगळे टेबलाभोवती बसतात. भिजवलेल्या कणसाच्या पानांतून चांगली पाने निवडणारा एक, गुळगुळीत बाजूवर मासा पसरणारे दोघे-तिघे, सारण घालणारा एक, दुमडणारा एक. मासा किती जाड लावायचा याचा निकाल बहुधा आजी देते. मुले प्रथम पाने पुसतात, पुढे पसरायला शिकतात. मापे सहसा लिहिलेली नसतात. हात पाहूनच हात तयार होतो. एकट्याने शंभर तामाल करणे जिवावर येते. दहा जणांत गप्पांच्या नादात ते होऊन जातात.

तामाल उघडे तोंड वर ठेवून मोठ्या पातेल्यात उभे रचतात आणि तास-दीड तास वाफवतात. तळाच्या पाण्यात नाणे टाकण्याची युक्ती घरोघरी माहीत आहे : त्याचा खुळखुळाट थांबला की पाणी संपत आले. पान अलगद सुटले, की तामाल शिजला. रागावलेल्या माणसाने हात लावला तर तामाल कच्चे राहतात, अशी समजूत आहे. म्हणून स्वयंपाकघरात भांडण चालत नाही.

तामालादा मुख्यतः नाताळात आणि 2 फेब्रुवारीच्या कांदेलारिया सणाला होतो. 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, खाल्ल्या जाणाऱ्या गोल पावात बाळ येशूची छोटी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने 2 फेब्रुवारीला सर्वांना तामाल खाऊ घालायचे.

ओआहाका, युकातान या दक्षिणेकडील भागांत केळीचे पान वापरतात, तर ईशान्येकडील वास्तेका प्रदेशातला साकाविल हा तामाल एवढा मोठा असतो की एकात सारी पंगत जेवते. सोबत आतोले हे मक्याचे गरम, दाटसर पेय घेतात. उरलेले तामाल दुसऱ्या दिवशी पानासकट तव्यावर टाकतात; पान करपते, आतली कड कुरकुरीत होते, आणि अनेकांना ताज्या तामालापेक्षा हाच जास्त आवडतो.