बॅटरी उतरली म्हणून विमान पडत नाही

कराडच्या धावपट्टीवरून उडालेलं छोटं विमान दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "वर बॅटरी उतरली की इंजिन बंद!" हा समज चुकीचा आहे.

सेसना १७२ सारख्या पेट्रोल इंजिनावर दोन मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारी छोटी यंत्रं, असतात. इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःच ठिणगी तयार करतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एक मॅग्नेटो गेला तरी दुसरा काम निभावतो. टाक्या पंखांत वर असल्यामुळे इंधन उताराने खाली येतं. मास्टर स्विच, म्हणजे विमानाच्या विजेचा मुख्य स्विच, बंद केला तरी इंजिन चालूच राहतं.

मग अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, गेला आणि बॅटरीही उतरली तर काय जातं? रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), दिवे, फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्या) आणि इंधनाचे काटेसुद्धा. लांबच्या उड्डाणात इंधनाचे काटे जाणं फार महत्त्वाचं, म्हणून टाकी भरल्याची वेळ आणि तासाचा खप कागदावर लिहिलेला हवाच. लो-व्होल्टेजचा दिवा लागला की अल्टरनेटरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, तोही एकदाच. दिवा तसाच राहिला तर अल्टरनेटर बंद ठेवायचा, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), लँडिंग लाइट, दुसरा रेडिओ बंद करायचा आणि जवळची धावपट्टी गाठायची. बॅटरी साधारण अर्धा तास पुरते. जुनी असेल तर तेवढाही भरवसा नाही. रेडिओवर बोलताना वीज जास्त लागते, म्हणून थोडक्यात बोलावं.

संगणकाने चालणाऱ्या डिझेल इंजिनांना मात्र वीज लागतेच. २००७ मध्ये जर्मनीत डायमंड डीए-४२ या दोन डिझेल इंजिनांच्या एका विमानाची बॅटरी उतरलेली होती, बाहेरच्या विजेवर इंजिनं सुरू केली. उडाल्यावर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनं थांबली.