कळतं पण वळत नाही : वेलनेस कोच आला कुठून?

वेलनेस कोच म्हटलं की डोळ्यांसमोर जिम आणि हिरव्या ज्यूसचा ग्लास येतो. पण लोकांना सवयी बदलायला मदत करण्याच्या या कामाची खरी तालीम झाली ती दारू आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसोबत.

'वेलनेस' हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला हॅल्बर्ट डन या अमेरिकी डॉक्टरने, १९५० च्या दशकाच्या शेवटी. नुसतं आजारी नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, हे त्याचं म्हणणं. १९७५ मध्ये जॉन ट्रॅव्हिसने कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीत वेलनेस केंद्र उघडलं. शब्द आला, केंद्रही आलं; कळतं पण वळत नाही, हे दुखणं मात्र तसंच राहिलं.

त्यावरचा उतारा नॉर्वेत सापडू लागला. १९८२ मध्ये विल्यम मिलर हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्गनजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ रुग्णाची भूमिका वठवायचे आणि मध्येच मिलरला अडवायचे: आत्ता हाच प्रश्न का विचारलात? उत्तरं देता देता त्यालाच आपली पद्धत उमगत गेली. तेव्हा अमेरिकेत दारुड्याला फैलावर घेण्याची रीत होती. मिलरच्या लक्षात आलं की आपण जितकं पटवत जावं, तितका समोरचा दारूची वकिली करतो. १९८३ मध्ये त्याने हे लिहून काढलं. पुढे स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञाबरोबर १९९१ मध्ये पुस्तक आलं. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात ते हेच.

त्यातला एक साधा प्रश्न बघा. "रोज चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात?" "चार." इथे आपण सगळे विचारतो, "चारच का?" मग गुडघे, ऑफिस, पाऊस अशी यादी सुरू होते. कोच विचारतो, "चार का, एक का नाही?" आता चालण्याची कारणं तोच माणूस स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो. ऐकायला क्षुल्लक, पण उपदेश गिळून गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

त्याच १९८३ मध्ये प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपलं आपण धूम्रपान सोडू पाहणाऱ्या ८७२ जणांचा अभ्यास मांडला. माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो, मागेही घसरतो. ज्याने अजून विचारच केलेला नाही त्याच्या हातात वेळापत्रक देणं फुकट.

कोचला पोटापाण्याचं काम मिळण्याची वाट मोकळी झाली ती माझ्या मते मधुमेहामुळे. अमेरिकेत २००२ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या गटात ३१. त्या पहिल्या गटातल्या प्रत्येकामागे एक 'लाइफस्टाइल कोच' होता. २००६ मध्ये चेन्नईच्या ५३१ जणांच्या चाचणीतही जीवनशैलीचा सल्ला आणि गोळी जवळपास बरोबरीत उतरली.

तरी कोचची पाटी कुणीही लावत होतं. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा सुरू व्हायला २०१७ उजाडलं.

'२१ दिवसांत सवय' हे आश्वासन मात्र अजून जोरात खपतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणात सांगतात: नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' कधीच गळलं. लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा साधी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६.