आलेखाच्या कागदावरचा हात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत भाषा उंबऱ्यावर बदलते. आत मराठी, बाहेर हिंदी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी इथे आणली, फौजेच्या तळाचं शहर झालं आणि सोबत आलेल्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या इथेच नांदल्या. आजी नातवाला गोष्ट सांगते आणि मग दारावर भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालते, तेव्हा शब्द बदलतात, हेल बदलतो. हातही बदलतात का? संगणक आज बोलणाऱ्याचे हातवारे ज्या रीतीने मोजतो, तिचा एक जुना धागा अशाच प्रश्नाशी जाऊन पोचतो.

१९३० च्या दशकात जर्मनीत नाझी विचारांचे लेखक सांगत होते की हातवारे रक्तातून येतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या मार्गदर्शनाखाली डेव्हिड एफ्रॉन यांनी हे तपासायला घेतलं. पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले लोक बोलण्यात रंगलेले असताना त्यांनी पाहिले. एक चित्रकार रेखाटनं करत होता, सोबत चित्रणही होतं. मग फितीतलं एकेक चित्र आलेखाच्या कागदावर पाडायचं, मनगट, कोपर जिथे असेल तिथे ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडत जायचे. ज्यूंचा हात कोपरापासून, अंगाजवळ हलायचा. इटालियनांचा खांद्यापासून, ऐसपैस. पण अमेरिकेत मुरलेल्या पुढच्या पिढीत हा फरक जवळजवळ पुसला गेला होता, आणि दोन्ही जगांत वावरणाऱ्यांच्या हातांत दोन्ही रीती मिसळल्या होत्या. १९४१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्या मिसळलेल्या हातांबद्दल वाचताना मला आमचं लष्करच दिसतं.

आपल्याकडे हाताकडे बारकाईने पाहिलं गेलं नाही, असं मुळीच नाही. नाट्यशास्त्रात एका हाताचे २४ आणि दोन्ही हातांचे १३ हस्त नावानिशी आहेत. पण ते रंगमंचावरचे, शिकून केलेले. आपसूक उठणारा हात हा मात्र शिस्तीचाच विषय राहिला. देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकाराने तेराव्या शतकात गायकांचे २५ दोष सांगितले. त्यांत अंग पसरून गाणारा ‘प्रसारी’ आहे आणि डोळे मिटून गाणारा ‘निमीलक’ही. ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या गावात ‘मुद्रादोष’, म्हणजे गाताना होणारे वेडेवाकडे हावभाव, हा शब्द मुलं सुरांबरोबरच शिकतात.

बोलणं आणि हातवारे ही एकाच विचाराची दोन अंगं आहेत, हे अ‍ॅडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील यांच्या कामामुळे अभ्यासकांना पटू लागलं. हात आधी तयारीने उठतो आणि नेमका जोर दिलेल्या शब्दाबरोबर, किंवा किंचित आधी, पडतो. १९९८ मध्ये तर जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात, अगदी समोरचा अंध असला तरी, हे सिद्ध झालं.

संगणक यात शिरला तो निराळ्या कामासाठी. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी मोठ्या पडद्याकडे बोट दाखवून ‘ते तिथे ठेव’ एवढ्या बोलण्यावर आकृत्या हलवून दाखवल्या. हातवाऱ्यांचे अभ्यासक मात्र पुढेही वर्षानुवर्षं, नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या एलान या प्रणालीवर व्हिडिओ मागेपुढे सरकवत, प्रत्येक हातवारा कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते नजरेने टिपत राहिले. मिनिटभर बोलण्याला तासन्‌तास जातात. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचं ओपनपोझ हे सॉफ्टवेअर साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक हातावर २१ ठिपके देऊ लागलं. एफ्रॉनच्या कागदावरचेच ते ठिपके! २०१९ मध्ये १० वक्त्यांच्या १४४ तासांच्या चित्रणावर शिकलेल्या संगणकाने नुसत्या आवाजावरून त्या त्या माणसाच्या ढंगाचे हातवारे रचून दाखवले.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २०२२ चं काम. आयआयटी मुंबई आणि इंग्लंडमधलं डरहॅम विद्यापीठ इथल्या अभ्यासकांनी ३ गायकांचे ९ राग घेतले, १२ सेकंदांचे तुकडे केले. नुसत्या हालचालीवरून राग ओळखणं संगणकाला कमीच जमलं. पण आवाजाला हालचालीची जोड दिली, तेव्हा आवाजाने आधीच चांगली होणारी ओळख आणखी सुधारली.

लष्करात हेच बोलण्यासाठी करायला एक मोबाइल आणि तिवई पुरेल. आजीने एकच गोष्ट नातवाला मराठीत सांगायची, शेजारणीला हिंदीत. फक्त पदर खोचून बसायला हवं. मनगट पदराआड गेलं की ठिपके भरकटतात.