व्हिडिओ सीव्ही करून घ्यावा का? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे बायोडाटा तयार करून घ्यायला येणारे बरेच उमेदवार अलीकडे व्हिडिओ सीव्हीचीही चौकशी करतात. ही सेवा आम्ही देतो. तरीही पैसे भरण्यापूर्वी आपण हे पत्रक शांतपणे वाचावे, अशी विनंती आहे, कारण ज्या अर्जाला व्हिडिओची गरज नाही त्याला तो जोडल्याने खर्च वाढतो, अर्जाचे वजन वाढत नाही.

व्हिडिओ सीव्ही म्हणजे साधारण ६० ते ९० सेकंदांचे चित्रीकरण, ज्यात उमेदवार कॅमेऱ्याकडे पाहून आपली ओळख, अनुभव आणि संबंधित पदासाठी असलेली तयारी सांगतो. लेखी बायोडाट्याची जागा तो घेऊ शकत नाही. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी सॉफ्टवेअर करते आणि ते पदाचे नाव, शिक्षण, कौशल्ये अशा गोष्टी मजकुरात शोधते. व्हिडिओत आपण कितीही उत्तम बोललात तरी या टप्प्यावर त्याचा उपयोग होत नाही. बायोडाटा कच्चा असेल, तर आधी तोच नीट करून घ्यावा.

निर्णय कशावर घ्यावा

ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे, त्या कामात आपले बोलणे, वावर किंवा हातातली कला प्रत्यक्ष दिसणे महत्त्वाचे आहे का, हे प्रथम पाहावे. हॉटेलचे फ्रंट ऑफिस, विमान कंपनीतील केबिन क्रू, कॉल सेंटर, विक्री आणि कार्यक्रमांचे निवेदन या क्षेत्रांत ते असते. शिकवणी वर्गासाठी अर्ज करणाऱ्या शिक्षकांना मात्र आम्ही ओळखीचा व्हिडिओ करू नका असेच सांगतो. त्याऐवजी फळ्यासमोर उभे राहून अपूर्णांकांची बेरीज दोन मिनिटे शिकवावी: छेद समान का करायचे, हे आपण मुलांना कसे समजावता, यावरून संचालकांना जे कळते ते "मला अध्यापनाची आवड आहे" या वाक्यावरून कळत नाही. आखाती देशांत वेल्डर किंवा आचारी म्हणून जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे कॅमेरा चेहऱ्यापेक्षा हातांवर असावा आणि वेल्डिंगचा सांधा पूर्ण झाल्यावर जवळून दिसावा.

याउलट लोकसेवा आयोग, सरकारी बँका आणि रेल्वे यांच्या भरतीत अर्ज ठरावीक ऑनलाइन नमुन्यातच भरायचा असतो. तेथे व्हिडिओ सीव्हीला जागाच नाही. चाकण किंवा सातपूरच्या कारखान्यात फिटर अथवा सीएनसी ऑपरेटर म्हणून जायचे असेल, तर आयटीआयचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला पाहिला जातो आणि हाताची परीक्षा यंत्रावर होते. लेखा विभागासाठी टॅली आणि जीएसटी विवरणपत्रांचा अनुभव नेमक्या शब्दांत लिहिलेला पुरे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगावीशी वाटते. व्हिडिओत कौशल्याच्या आधी वय, वर्ण, पेहराव, बोलीचा सूर आणि एखादे अपंगत्व दिसते, आणि पाहणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह तेथेच काम करू लागतो. याच कारणाने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सीव्हीवर छायाचित्रसुद्धा न लावण्याची पद्धत आहे. तेथे अर्ज करताना मागणी नसल्यास व्हिडिओ पाठवू नये. आपल्याला कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होत असेल, तर व्हिडिओ न करणे हा कमीपणा नव्हे.

काही कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रश्न देऊन ठरावीक वेळेत उत्तरे चित्रित करायला सांगतात. ती मुलाखत आहे. तेथे आधी केलेला व्हिडिओ चालत नाही, पण उत्तरांचा सराव आम्ही करून घेतो.

करायचाच ठरल्यास

मजकूर सुमारे १५० शब्दांचा असावा आणि तो पाठ न म्हणता मुद्दे लक्षात ठेवून बोलावा. "मी मेहनती व प्रामाणिक आहे" असे म्हणण्यापेक्षा "औषध वितरकाकडे काम करताना दुकानांची थकीत बिले वसूल करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती" हे वाक्य अधिक काही सांगते. घरी चित्रीकरण करणाऱ्यांनी खिडकीकडे तोंड करून बसावे, मोबाइल आडवा व डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि पंखा बंद करावा; पंख्याची घरघर कानाला जाणवत नाही, पण ध्वनिमुद्रणात स्पष्ट येते. आधार कार्ड, गुणपत्रिका किंवा घरचा पत्ता व्हिडिओत दाखवू नये.

जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जोडता येत नाही आणि चांगल्या दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओही सहज त्याच्या पुढे जातो, म्हणून दुवा पाठवावा. गूगल ड्राइव्हचा दुवा असल्यास तो कोणालाही उघडता येईल अशी परवानगी द्यावी. अन्यथा समोरच्याला आधी आपल्याकडे परवानगी मागावी लागते, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. यूट्यूब वापरल्यास 'अनलिस्टेड' (दुवा असलेल्यालाच व्हिडिओ दिसतो) हा पर्याय निवडावा. पाठवण्यापूर्वी तो दुवा दुसऱ्याच्या मोबाइलवर एकदा उघडून पाहावा.

कार्यालयात येताना नोकरीची मूळ जाहिरात आणि सध्याचा बायोडाटा सोबत आणावा. जाहिरात वाचून व्हिडिओची गरज नाही असे आमचे मत झाले, तर ते आम्ही स्पष्ट सांगू आणि त्या सल्ल्याचे शुल्क घेणार नाही. आपले चित्रीकरण आम्ही अन्य कोणालाही दाखवत नाही किंवा जाहिरातीसाठी वापरत नाही, आणि आपण सांगताच आमच्या संगणकावरील प्रत काढून टाकतो.